खडूची रेघ

माल वाहून नेणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. काही गाड्यांवर चारी बाजूंनी बंद अशी पत्र्याची पेटी असते. काही गाड्यांची पाठ नुसती सपाट असते. बंद गाडी चालवणाऱ्या माणसाने सपाट गाडी हाती घेतली, तर त्याला काय काय नव्याने शिकावे लागते? लेखकाने आपल्या मामूंच्या अनुभवातून ही हकिगत सांगितली आहे.

माझे मामू ट्रकचालक आहेत. भिवंडीला आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मोठमोठी गोदामे सुरू होतात. या गोदामांतून मामूंनी बारा वर्षे माल नेला. त्यांची गाडी बंद होती. बंद म्हणजे बिघडलेली नव्हे! मागे पत्र्याची पेटी, पेटीला दोन दारे, दारांना कडी आणि कडीला सील. अशा गाडीला कोणी कंटेनर म्हणतात, कोणी व्हॅन म्हणतात. मामू तिला नुसते ‘डबा’ म्हणत.

2016 साली मामूंनी डबा सोडला. कळंबोलीला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. तिथे एका मालकाकडे ते सपाट ट्रेलर चालवू लागले. मी त्या वेळी बी.एड. करत होतो. ही बातमी ऐकून मला काही विशेष वाटले नाही. ड्रायव्हर तो ड्रायव्हर! चाके तीच, रस्ता तोच. डबा काय आणि ट्रेलर काय! पण मामींचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, “डब्यात निदान माल दिसत तरी नव्हता. आता डोक्यामागे वीस टन लोखंड घेऊन फिरणार!”

डबा सोडण्यामागे पैशाचे कारण होतेच. मामूंची मोठी मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाणार होती आणि ट्रेलरवर पगार जास्त होता. पण आणखी एक कारण होते. ते त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

एकदा मामूंनी भिवंडीहून नागपूरला काचेच्या सामानाची खोकी नेली. माल हमालांनी भरला, गोदामातल्या माणसाने दारे लावली, सील ठोकले आणि कागद मामूंच्या हातात दिले. मामूंनी आत डोकावूनही पाहिले नव्हते. तशी परवानगीच नसते. नागपूरला दार उघडले, तर खालच्या रांगेतली खोकी चेपलेली! जड खोकी वर आणि हलकी खाली, अशी रचना कोणीतरी केली होती. नुकसानीचे पैसे मामूंच्या पगारातून कापले गेले. मामू मला म्हणाले, “बेटा, ज्या मालाला मी हात लावला नाही, त्याचा दंड मी भरला. तेव्हाच ठरवले, की यापुढे जो माल न्यायचा तो डोळ्यांनी पाहून न्यायचा.”

तुम्हांला ‘जबाबदारी’ हा मराठी शब्द ठाऊक आहे. उर्दूत आपण ‘जिम्मेदारी’ म्हणतो. मराठी शब्दात मात्र ‘जबाब’ आहे, म्हणजे आपला ‘जवाब’च. ज्याला जबाब द्यावा लागतो, तो जबाबदार. डब्याच्या बाबतीत मामूंना जबाब द्यावा लागे, पण प्रश्न काय आहे हेच त्यांना ठाऊक नसे.

ट्रेलरवर सगळे उलटे झाले. तिथे दार नाही, सील नाही, भिंतही नाही. चाळीस फूट लांबीची एक सपाट पाठ आणि तिच्या कडेला साखळी अडकवण्याच्या जागा, एवढेच. क्रेन माल उचलून आणते आणि पाठीवर ठेवते. क्रेनवाल्याचे काम तिथे संपते. चालकाचे काम तिथून सुरू होते.

मामूंकडे जड वाहनाचा परवाना आधीपासून होता. आपल्या कायद्याप्रमाणे मालासह 12,000 किलोपेक्षा जास्त वजनाची मालगाडी ही जड मालवाहू गाडी समजली जाते. पण परवान्याच्या परीक्षेत “साखळी कशी आवळाल?” असे मामूंना कोणी विचारले नव्हते. ती विद्या त्यांना तात्यांकडून मिळाली. तात्या म्हणजे साताऱ्याकडचे एक वयस्कर चालक. तीस वर्षे ट्रेलर चालवलेले. सगळे चालक त्यांना तात्याच म्हणत. मामू दोन महिने त्यांच्या शेजारी बसून फिरले. बारा वर्षांचा अनुभवी चालक पुन्हा विद्यार्थी झाला. चाळिशी ओलांडल्यावर हे सोपे नसते. मी शिक्षक आहे म्हणून सांगतो, शिकवण्यापेक्षा पुन्हा शिकायला बसणे अवघड असते.

पहिल्याच दिवशी तात्यांनी मामूंना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ते म्हणाले, “भाई, गाडी तुम्हांला येते. आधी माल ओळखायला शिका.”

कळंबोलीहून चाकणच्या बाजूला पोलादाच्या कॉइली जातात. चाकणला मोटारगाड्यांचे कारखाने आहेत. तिथे या पोलादाचे पत्रे लागतात. भिवंडीच्या मुलांना कॉइल समजावून सांगणे सोपे आहे. तुम्ही कापडाचा ताका पाहिला आहे ना? तसाच पोलादाचा पत्रा गुंडाळलेला असतो. मात्र हा ताका वीस टनांचाही असू शकतो. वीस टन म्हणजे 20,000 किलो. ताक्याला जसे मध्ये भोक असते, तसे कॉइललाही असते.

आता ही गोल वस्तू सपाट पाठीवर ठेवायची कशी? भोक आकाशाकडे करून ठेवली, तर ती घरंगळत नाही, पण ती अरुंद आणि उंच असेल, तर कलंडण्याची भीती असते. आडवी ठेवून भोक गाडीच्या बाजूंकडे केले, तर साखळी तुटताच ती पुढे किंवा मागे धावेल. पुढे कोण बसलेले असते, ते सांगायला नको. भोक पुढे-मागे केले, तर ती डाव्या किंवा उजव्या बाजूला रस्त्यावर पडेल. चालक वाचेल, पण शेजारून मोटारसायकलवाला जात असला तर? तात्यांनी हा प्रश्न मामूंना विचारला आणि उत्तर न देता चहा प्यायला निघून गेले. मामू म्हणतात, “मी ट्रेलरच्या सावलीत बसून अर्धा तास विचार करत होतो. मग कळले, की बिनधोक्याची अशी बाजूच नाही. कशीही ठेवा, ती हलूच नये अशी बांधायची.”

म्हणून कॉइलखाली आधी लाकडी ओंडक्यांची बैठक करतात. दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकतात. पाचरी सरकू नयेत म्हणून त्याही अडवतात. पोलादावर पोलाद ठेवले आणि मध्ये तेलाचा थर असला, तर ते साबणासारखे सरकते. लाकूड किंवा रबर मध्ये घातले, की पकड येते. विज्ञानाच्या तासाला आपण ज्याला ‘रगड’ म्हणतो, त्याला मराठीत ‘घर्षण’ म्हणतात. घर्षण हा चालकाचा फुकटचा मदतनीस आहे. पण तो एकटा पुरत नाही. मग साखळ्या येतात.

गाडी थांबली तरी माल थांबायला तयार नसतो, हेही तुम्ही विज्ञानात शिकला आहात. उर्दूत याला ‘जमूद’ म्हणतात, मराठीत ‘जडत्व’. बस अचानक थांबली, की आपण पुढे झुकतो. वीस टनांची कॉइलही पुढे झुकू पाहते. अमेरिकेत याविषयी लेखी नियम आहेत. तिथेही बंद व्हॅन सोडून सपाट ट्रेलरवर जाणारे चालक असतात आणि त्यांनाही हेच शिकावे लागते. तिथला नियम सांगतो, की गाडीने जोरात ब्रेक मारला, तर मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या दिशेला पेलवेल, अशी बांधणी हवी. बाजूंना आणि मागे 0.5 पट. वीस टनांची कॉइल असेल, तर पुढे सोळा टन आणि बाजूला दहा टन! शिवाय, बांधलेल्या साखळ्यांच्या ताकदीची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. एक साखळी तीन टनांची धरली, तर दोन साखळ्यांचे सहा टन होतात. वीस टनांच्या मालाला ते अपुरे आहेत. चार साखळ्यांचे बारा होतात. मामूंना हा अमेरिकन नियम ठाऊक नव्हता. पण तात्यांनी त्यांना “वीस टनांना चारच्या खाली नाही” असेच शिकवले होते.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट मला सापडली. निघाल्यापासून पहिल्या 80 किलोमीटरच्या आत चालकाने गाडी थांबवून बांधणी तपासली पाहिजे आणि पुढेही ठरावीक वेळाने तपासत राहिले पाहिजे. एका प्रकारच्या चालकाला यातून सूट आहे. ज्याची गाडी सीलबंद आहे आणि जिला उघडायची मनाई आहे, त्याला! हे वाचून मला नागपूरची ती चेपलेली खोकी आठवली.

दोन महिन्यांनी तात्यांनी मामूंना एकट्याला सोडले. पहिल्याच महिन्यात एक प्रकार घडला. मामू कॉइल घेऊन चाकणला पोहोचले. ताडपत्री काढली. पाहतात तो कॉइल आपल्या जागेवरून चार बोटे मागे आलेली! लाकूड दबले होते आणि साखळ्या सैल झाल्या होत्या. कोणाला काही झाले नाही. कारखान्यातल्या लोकांच्या तर ते लक्षातही आले नाही. पण मामूंच्या अंगाला घाम फुटला. ही चार बोटे कधी सरकली? घाटात? टोलनाक्यावर? त्यांना काहीच सांगता येईना. डोळ्यांनी पाहून माल नेणारा हा माणूस, आणि माल सरकला तरी त्याला दिसला नाही.

त्या रात्री ते आमच्या घरी आले. मला म्हणाले, “तू मास्तर होणार आहेस ना? तुझ्याकडे खडू असेल.” मी सरावाच्या पाठांसाठी आणलेली खडूची पेटी त्यांना दिली. त्यांनी त्यातले चार खडू घेतले. कशासाठी, ते सांगितले नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर चाकणला गेलो, तेव्हा ते कोडे सुटले. पहाटे कळंबोलीला कॉइल चढली. अर्ध्या तासात क्रेन मोकळी झाली. त्यानंतर मामू आणि क्लीनर दीड तास खपत होते. ओंडके, पाचरी, चार साखळ्या. साखळी आवळण्याच्या दांड्यावर मामू सगळे वजन टाकत होते. मीही एकदा प्रयत्न केला. दांडा जागचा हलला नाही. क्लीनर हसला. ताडपत्री ओढण्याआधी मामूंनी खिशातून खडू काढला. कॉइलवरून सुरू करून खालच्या लाकडावर आणि तिथून ट्रेलरच्या पाठीवर त्यांनी एक सरळ रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. “माल हलला, की रेघ तुटते,” एवढेच ते म्हणाले.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीलाच सुरू होतो. घाटाच्या आधी खालापूरचा टोलनाका लागतो. तिथवर तीस-बत्तीस किलोमीटर होतात. नाक्याजवळ गाड्या उभ्या करायच्या जागी मामूंनी ट्रेलर थांबवला. ताडपत्रीचे टोक उचलून बॅटरीचा उजेड आत टाकला. रेघ सरळ होती. पण पुढून दुसरी साखळी थोडी ढिली होती. लाकूड दबले, की असे होते. ती पुन्हा आवळली. दहा मिनिटे गेली. तेवढ्यात मालकाच्या माणसाचा फोन आला, “का थांबलात?” मामू म्हणाले, “घाटासाठी.” फोनवरचा माणूस काय म्हणाला, ते मला ऐकू आले नाही. त्यावर मामू पुन्हा म्हणाले, “घाटासाठी,” आणि फोन बंद केला.

बोरघाटाची चढण सुरू झाली. मामू आरशात पाहत होते. डब्याच्या आरशात नुसता पत्रा दिसतो, ट्रेलरच्या आरशात माल दिसतो. डब्याची उंचीही एकदा पाठ झाली, की झाली. सपाट गाडीची उंची आणि रुंदी मालाप्रमाणे रोज बदलते. आज कॉइल, उद्या यंत्र, परवा सळ्या. सळ्या मागे गाडीबाहेर काढून नेण्यावर तर 2014 पासून बंदीच आहे, तरीही अशा गाड्या दिसतात. डब्यापेक्षा ट्रेलरमध्ये बरे काय, असे मी विचारले. मामू म्हणाले, “वारा. रिकामा डबा वाऱ्याने डुलतो. कॉइल खाली बसलेली असते, गाडी कशी जमिनीला धरून चालते.”

एका वळणावर एक मोटार एकदम आमच्या पुढे घुसली आणि थबकली. मामूंनी ब्रेक दाबला. माझे डोके पुढे गेले. पाठीमागून साखळ्यांचा एकच मोठा कण्हल्यासारखा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मोटार निघून गेली होती आणि मामू गियर टाकत होते. त्या चढावर उभा ट्रेलर पुन्हा हलवणे हेही एक वेगळे काम आहे. हिसका बसला, तर माल मागे ओढला जातो. मामूंनी तो असा काही हलवला, की समोरच्या बाटलीतले पाणीही हिंदकळले नाही. घाट ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा ताडपत्री उचलली. रेघ एका सुतानेही तुटली नव्हती. क्लीनरने तिला सलाम ठोकला!

जुलैतली गोष्ट मात्र वेगळी आहे. पाऊस कोसळत होता. तळोज्याच्या बाजूला एका आवारात मामूंच्या ट्रेलरवर कॉइल चढली. गाडीवर त्या दिवशी दोनच साखळ्या धड होत्या. एक आदल्या दिवशी तुटली होती आणि एकीचा आकडा वाकला होता. मामूंनी आणखी दोन मागितल्या. तिथला माणूस म्हणाला, “दोन बस्स आहेत. माल आज रात्री पोहोचला पाहिजे.” मामू म्हणाले, “साखळ्या द्या, आत्ता निघतो.” बराच वेळ वादावादी झाली. “तुम्ही डबेवाले घाबरटच,” असेही कोणीतरी म्हणाले. मामूंनी गाडीची किल्ली काढून खिशात ठेवली. शेवटी कॉइल उचलून दुसऱ्या ट्रेलरवर चढवली आणि तो ट्रेलर दोन साखळ्यांवर निघून गेला.

तुम्ही विचाराल, त्या दुसऱ्या ट्रेलरचे काय झाले? काहीच झाले नाही. कॉइल सुखरूप पोहोचली. मामू दोन दिवस कळंबोलीत पावसात रिकामे बसले. फेरीचा भत्ता गेला. येणारे-जाणारे चालक थट्टा करत होते. मी त्यांना फोनवर म्हणालो, “मामू, म्हणजे दोन साखळ्या पुरल्याच की!” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुरल्या. त्याच्या वाटेत मोटार आडवी आली नसेल.”

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. 2018 साली सरकारने मालगाड्यांच्या वजनाची मर्यादा वाढवली. मोठ्या ट्रेलरला गाडी आणि माल मिळून 49 टनांऐवजी 55 टनांची परवानगी मिळाली. मामूंच्या ट्रेलरवर आता सहा साखळ्या असतात. तात्या गावी शेती करतात. मी भिवंडीत शिकवतो. महिन्याकाठी मामू खडू मागतात. शाळेचे नव्हे, मी ते दुकानातून विकत घेऊन देतो!

मागच्या महिन्यात मी कळंबोलीला गेलो होतो. मामूंकडे एक तरुण चालक शिकायला आला होता. आमच्याच भिवंडीचा, डबा सोडून आलेला. गाडीत चढण्यासाठी त्याने दाराच्या मुठीला हात घातला. मामूंनी त्याला खाली बोलावले, त्याच्या हातात खडू ठेवला आणि ते चहा प्यायला निघाले.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू बंद गाडीला काय म्हणत?
(आ) तात्यांनी मामूंना पहिल्या दिवशी काय सांगितले?
(इ) मामी का काळजीत पडल्या?

2. नागपूरच्या फेरीत मामूंना दंड का भरावा लागला? तो योग्य होता का? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.

3. एक साखळी तीन टनांची आहे. पाठात सांगितलेल्या नियमाप्रमाणे 25 टनांच्या कॉइलला निदान किती साखळ्या लागतील?

4. जडत्व, घर्षण, जबाबदारी, साखळी या शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा आणि प्रत्येक मराठी शब्द वाक्यात वापरा.

5. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीने काम बदलले असेल, तर तिला काय नव्याने शिकावे लागले, ते विचारून दहा ओळी लिहा.